विळी, सुरी आणि पाट : संग्रह कसा करावा, छायाचित्रे कशी काढावीत

हाताने घडवलेल्या स्वयंपाकघरातील हत्यारांचा संग्रह मराठी घरात सुरू करायचा असेल, तर तो विळीपासून करावा. विळीत पाते आणि पाट एकत्र असतात, लोहार आणि सुतार या दोघांचे काम एकाच वस्तूत पाहायला मिळते, आणि आजही ती माळ्यावर, पडवीच्या कोनाड्यात किंवा भंगारवाल्याच्या हातगाडीवर सहज सापडते. ओट्यापाशी उभे राहून स्वयंपाक करण्याची पद्धत रूढ झाल्यापासून जमिनीवर बसून चिरणे मागे पडले आणि जाड फळीच्या, घडीव पात्याच्या जुन्या विळ्या अडगळीत गेल्या. त्यांतल्या कित्येक किलोच्या भावाने मोडीत जातात. हा लेख त्या विळ्यांबरोबरच लोहाराकडच्या सुऱ्या, कोयते, अडकित्ते आणि चिरण्याचे लाकडी पाट यांविषयीही आहे. वस्तू कशी पारखावी, कशी सांभाळावी आणि तिचे छायाचित्र कसे काढावे, हे यात क्रमाने सांगितले आहे. सर्वांत आधी एक नियम सांगतो, कारण बाकीचे बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. वस्तू हाती आली की आधी कॅमेरा काढावा आणि फडके नंतर घ्यावे. एकदा घासलेल्या पात्यावरचे डाग आणि एकदा तेल पाजलेल्या पाटाचा मूळ रंग पुन्हा मिळत नाही.

कशाचा संग्रह करावा

दिसेल ते घेत सुटल्यास वर्षभरात घरात ढीग जमतो. त्याला संग्रह म्हणता येत नाही. सुरुवातीला एखादी मर्यादा घालून घ्यावी. एका तालुक्यातील विळ्या, फक्त घडीच्या विळ्या, केवळ मासे आणि मटण कापण्याची हत्यारे, किंवा एकाच घरातील तीन पिढ्यांची चिरण्याची साधने, अशी कोणतीही मर्यादा चालते. कोकणात नारळ रोजचा, म्हणून तिथल्या विळीची खवणी रुंद, दाते नीट काढलेली आणि पात्याच्या टोकाला पक्की बसवलेली असते. देशावरच्या अनेक विळ्यांना खवणी नसतेच किंवा नावापुरती असते. मालवणी मुलखात आडाळो आणि गोव्यात आदोळी म्हणून विचारणा केली, तर बाजारात लोक अधिक मोकळेपणाने बोलतात. ज्यांचा संग्रह पुढे वाढेल त्यांनी बंगालची बोटी, कर्नाटकातील ईळिगे मणे आणि तमिळनाडूतील अरुवामनै यांच्याशीही तुलना करावी, कारण बसून, दोन्ही हातांनी भाजी पात्यावर ढकलत चिरण्याची रीत या सर्व प्रदेशांत आहे आणि पात्याचा बाक मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

डोळा तयार करण्यासाठी पुण्यातील बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाइतकी चांगली जागा नाही. डॉ. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभे केले, आणि पुढे तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. तिथल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंपैकी थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात. पण विळ्या, खवण्या आणि अडकित्ते यांच्यासमोर अर्धा दिवस घालवला, तर घोडा, पोपट, मोर, बाहुली हे आकार कारागिराने कुठे आणि का वापरले आहेत ते कळू लागते. राजवाड्यातील तलवारीपेक्षा घरातील साधी वस्तू जपण्याचा केळकरांचा कल मला अधिक मोलाचा वाटतो. आपणही ‘कलाकुसरीचीच हवी’ हा आग्रह सोडावा. साध्या, बिननक्षीच्या, पण चांगल्या घडलेल्या विळीला संग्रहात पहिली जागा द्यावी.

अडकित्त्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर तो छंद वेगळा आणि महागडा आहे. पितळी अडकित्त्यात नकली जुनेपणा सर्रास केला जातो. बिजागरीचा खिळा झिजलेला नसेल, दांड्यांच्या आतल्या बाजूला बोटांनी आलेला गुळगुळीतपणा नसेल आणि खाचांतला हिरवा थर ओल्या फडक्याने निघून येत असेल, तर तो अडकित्ता शोभेसाठी ओतलेला नवा माल समजावा.

पारख

घडीव पाते आणि पत्र्यातून कापलेले पाते यांतला फरक बोटांना आधी कळतो. पात्याची जाडी बुडापासून टोकापर्यंत चिमटीत धरून तपासावी. घडीव पाते बुडाशी जाड असते आणि टोकाकडे व धारेकडे हळूहळू पातळ होत जाते. कापलेले पाते सगळीकडे सारखे असते आणि केवळ धारेची कड घासून उतरवलेली असते. घडीव पात्याच्या पाठीवर हातोड्याचे उथळ ठसे दिसतात, भट्टीतून निघताना बसलेली काळी खपली कुठेतरी शिल्लक असते, आणि दोन्ही बाजू एकमेकींच्या हुबेहूब प्रतिकृती नसतात. उजेडात तिरपे धरून हे पाहावे.

आज बहुतेक लोहार ट्रकच्या कमानीचे पाटे कापून सुऱ्या आणि कोयते घडवतात. या स्प्रिंग पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण ०.५ ते ०.६ टक्के असते. पाणी दिल्यावर टणक व्हायला तेवढे पुरते आणि हाडावर घाव बसला तरी लगेच टवका न उडण्याइतका चिवटपणाही त्यात राहतो. पाणी देणे हेच या कामातले खरे कसब आहे. पाते सावलीत लालबुंद दिसेपर्यंत, म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवले की ते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून त्याला पुन्हा मंद आच द्यावी लागते. त्या वेळी घासलेल्या पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा असे रंग चढतात. फिकट पिवळा २२० अंशांच्या आसपास येतो आणि निळा ३०० च्या आसपास. लोहार हे रंग पाहून हात आवरता घेतो, त्याच्याकडे तापमापक नसतो. विकत घेताना यातून एक उपयोगी खूण मिळते. धारेच्या कडेने निळसर-जांभळा पट्टा दिसला, तर ते पाते कधीतरी विजेच्या सहाणेवर दाबून धरल्यामुळे तापले आहे आणि त्याची धार मऊ पडली असण्याचा संभव आहे.

जुन्या विळीत झीज वाचावी. रोज वापरातल्या पात्याचे पोट मध्यभागी आत गेलेले असते, कारण भाजी तिथेच लागते आणि निसणाही तिथेच जास्त फिरतो. पाटावर जिथे पाय दाबून ठेवला जाई तो भाग गुळगुळीत, किंचित खोलगट आणि काळपट असतो. पाते फळीत आरपार घुसवून खालून पाचर मारली आहे, की लोखंडी पट्टी आणि स्क्रूने बसवले आहे, हे उलटे करून पाहावे. ‘शंभर वर्षांपूर्वीची’ म्हणून सांगितलेल्या विळीला चौफुलीच्या खाचेचे चकचकीत स्क्रू असतील, तर निदान तो सांधा तरी नवा आहे. एवढ्यावरून वस्तू टाकून द्यावी असे नाही. फुटलेल्या पाटाला मारलेली पत्र्याची पट्टी, बदललेली पाचर, दुसऱ्याच विळीचे आणून बसवलेले पाते, हे सगळे त्या वस्तूच्या आयुष्यातले आहे, आणि मी स्वतः अशी दुरुस्त केलेली विळी कोऱ्या विळीपेक्षा आनंदाने घेतो. मात्र किंमत त्यानुसार ठरवावी.

पाटाचे लाकूड ओळखणे सरावाने जमते. साग तेलकट, सरळ रेषांचा आणि कापला की विशिष्ट वासाचा असतो. शिसव जड आणि काळसर-तपकिरी. फणस ताजा असताना पिवळा आणि जुना झाल्यावर मधाच्या रंगाचा होतो. बाभूळ कठीण आणि लालसर. खाटीक वापरतात तो ओंडका बहुधा चिंचेचा असतो, कारण चिंचेचे लाकूड घट्ट असते आणि घाव बसले तरी सहसा चिरफाळत नाही. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील आणि वस्तू आपटल्यावर त्यांतून बारीक पिठासारखा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे. असा पाट इतर वस्तूंजवळ ठेवू नये. लहान पाट असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावा आणि घरच्या फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, लाकूड खोलीच्या उष्णतेला येऊ द्यावे, नाहीतर त्यावर दव धरते.

कुठे शोधावे

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. दोन्हीकडे भाव सांगण्याची आणि पाडण्याची रीत आहे, आणि दोन्हीकडे वस्तू कोणत्या गावाहून आली हे क्वचितच कळते. त्यापेक्षा नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांत विचारणे चांगले. वाडा पाडायला निघाला, गावचे घर विकायला काढले, की मावशी-आत्यांना आधीच सांगून ठेवावे. नव्या कामासाठी आठवडी बाजार पाहावा. तिथे लोहार आणि घिसाडी समाजातील कारागीर स्वतःचा माल घेऊन बसतात, आणि काही जण रस्त्याकडेला पाल ठोकून, भाता लावून समोरच घडवून देतात. लाकडाच्या कामासाठी सावंतवाडीची चितार आळी प्रसिद्ध आहे ती खेळण्यांमुळे, पण तिथे पाटही मिळतात.

कारागिराकडून घेताना घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कमानीच्या पाट्याची सुरी घडवायला लागणारा कोळसा, वेळ आणि दुसऱ्या माणसाचा घण यांचा हिशेब केला, तर मागितलेली किंमत बहुधा कमीच असते. त्याऐवजी नाव, गाव, पोलाद कशाचे, मूठ कोणत्या लाकडाची, हे विचारून तिथल्या तिथे लिहून घ्यावे. ही नोंद वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा, तो कागदी चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्याने बांधावा, आणि पात्यावर किंवा पाटावर शाईने किंवा चिकटपट्टीने काहीही लावू नये. वहीत लांबी, पात्याची जाडी, वजन, मिळाल्याची तारीख, कोणाकडून मिळाली आणि त्यांनी तिच्याविषयी काय सांगितले, एवढे तरी असावे. ‘ही आजीच्या माहेरची’ हे वाक्य सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. सुधारून लिहू नये.

छायाचित्रे

पात्याचे छायाचित्र घेताना पहिली अडचण अशी येते की पाते हा आरसा असतो. त्यात तुमचा शर्ट, छताचा पंखा, आणि आपल्याकडे हमखास, खिडकीचे गज दिसतात. गजांचे काळे पट्टे पात्यावर पडले की ते धारेतले दोष आहेत की प्रतिबिंब आहे, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. खिडकी आणि वस्तू यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर किंवा जुन्या धोतराचे दुहेरी केलेले पांढरे पान ताणून लावावे, म्हणजे खिडकी एक मोठा, सलग, मऊ उजेडाचा पडदा बनते. थेट ऊन पडत नाही अशी उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली. खोलीतले दिवे बंद करावेत, कारण खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकाच पात्यावर पडला, तर लोखंडाचा आणि लाकडाचा रंग नंतर कशानेही सुधारत नाही.

पडदा नेमका कुठे असावा हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून चौकट पक्की करावी, मग लेन्सच्या अगदी शेजारी टॉर्च धरून तिचा झोत पात्यावर टाकावा, आणि पात्यावरून परतलेला कवडसा भिंतीवर किंवा छतावर कुठे पडतो ते पाहावे. त्या जागी जे असेल तेच पात्यात दिसणार आहे. तिथे पांढरा कागद आला, तर पाते उजळ आणि सपाट दिसेल. काळा कार्डपेपर आला, तर पाते गडद होईल आणि त्यावरचे ओरखडे, गंज, ठसे उठून दिसतील. चांगल्या चित्रात बहुधा दोन्ही हवे असतात. कवडशाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्याच्या एका कडेशी काळा कार्डपेपर हळूहळू सरकवत आणावा. पात्यावर उजळाकडून काळोखाकडे जाणारा उतार दिसू लागतो, पात्याचा बाक आणि जाडी डोळ्यांना कळते, आणि धारेची रेषा पार्श्वभूमीपासून सुटी होते. विळीचे पाते वाकदार असल्याने तिचा कवडसा भिंतीवर लांबट पसरतो. त्याच्या सगळ्या लांबीला पुरेल एवढा मोठा कागद लागतो, आणि त्यासाठी कार्डशीटपेक्षा पांढरी चादर सोयीची पडते.

पोलरायझर फिल्टरने ही चमक जाते, असा सर्रास समज आहे, तो उघड्या धातूच्या बाबतीत खरा नाही. पाणी, काच, वार्निश, तेल पाजलेले लाकूड यांवरून तिरपे परतणारे प्रकाशकिरण ध्रुवित होतात, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेला येतात, म्हणून फिल्टर फिरवला की ती चमक कमी होते. घासलेल्या पोलादावरून परतलेला उजेड फारसा ध्रुवित होत नाही, त्यामुळे फिल्टर फिरवूनही पाते जवळजवळ तसेच राहते. पाटाचे चित्र घेताना मात्र फिल्टर जरूर वापरावा. तेलकट शिसवावरची पांढुरकी झाक निघून गेली की लाकडाच्या रेषा आणि रंग दोन्ही स्पष्ट होतात.

नोंदीचे चित्र आणि देखणे चित्र ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच चित्रात उरकू नयेत. नोंदीसाठी करडी किंवा फिकट पार्श्वभूमी घ्यावी, चौकटीत सेंटिमीटरची पट्टी ठेवावी आणि पट्टी पात्याच्याच उंचीवर आणावी; जमिनीवर ठेवलेली पट्टी कॅमेऱ्यापासून दूर असल्याने वस्तू आहे त्यापेक्षा मोठी भासते. विळीच्या बाबतीत डावी आणि उजवी बाजू, समोरून धार, वरून पाट, पाटाची खालची बाजू, पाते-पाटाचा सांधा आणि खवणीचे दाते, इतकी चित्रे किमान हवीत. खालची बाजू बहुतेक जण विसरतात, आणि सुताराने रंधा मारला की तासणीने तासले, पाचर कशाची होती, हे तिथेच दिसते. बाजूचे चित्र घेताना कॅमेरा खाली, पात्याच्या मध्याच्या उंचीवर आणावा. उभ्याने, वरून घेतलेल्या चित्रात पात्याचा बाक खोटा दिसतो. पाट वरून घेताना फोनमधील चौकटीच्या रेषा आणि समतलदर्शक चालू ठेवून पाटाच्या चारही कडा त्यांच्याशी समांतर कराव्यात.

मोबाइलने ही सर्व कामे होतात. फोन जवळ नेऊन रुंद लेन्सने घेतलेल्या चित्रात जवळची मूठ फुगते आणि टोक बारीक होते, म्हणून मागे सरकून दुप्पट किंवा तिप्पट दाखवणारी लेन्स निवडावी. कॅमेरा असल्यास ५० ते १०० मिलिमीटरची लेन्स आणि एफ-८ ते एफ-११ चे अ‍ॅपर्चर घ्यावे. लेन्सचे छिद्र त्याहून लहान केले की जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येते, पण विवर्तनामुळे, म्हणजे छिद्राच्या कडेशी प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र किंचित मऊ होते, आणि धारेच्या चित्रात तो मऊपणा खपत नाही. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून, शटर हवे तितके मंद होऊ द्यावे. विळी हलत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा उजेड कमी करतो आणि पांढरे करडे होते, तेव्हा एक्स्पोजर (चित्रात येणारा उजेड) एका पायरीपर्यंत वाढवावे. कडाप्प्याच्या काळ्या फरशीवर याच्या उलट करावे.

धारेची स्थिती चित्रात दाखवणे हा या कामातला सर्वांत समाधान देणारा भाग आहे. पाते धार वर करून चिमट्यात किंवा दोन विटांमध्ये घट्ट बसवावे, दिवा पात्याच्या टोकाच्या दिशेने, धारेच्या रेषेतच धरावा आणि कॅमेरा धारेच्या सरळ वर आणावा. खरोखर तीक्ष्ण धारेला उजेड परतवायला जागाच नसते, म्हणून ती काळी, अखंड रेषा दिसते. जिथे धार बोथट झाली आहे, वळली आहे किंवा टवका गेला आहे, तिथे पांढरा ठिपका चमकतो. निसण्यावर घासण्यापूर्वी आणि नंतर अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, तर कोणत्याही वर्णनाची गरज उरत नाही. हातोड्याचे ठसे आणि लोहाराने मारलेली खूण दाखवायची असेल, तर याउलट पाते आडवे ठेवून, खोली अंधारी करून, एकच छोटा दिवा पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाईल असा एका बाजूने लावावा. समोरून न दिसणारी अक्षरेही त्या तिरप्या उजेडात वाचता येतात. पाटावरचे चिरण्याचे वळ याच पद्धतीने घ्यावेत.

देखण्या चित्रासाठी सामान कमी ठेवावे. विळीजवळ अर्धा खवलेला नारळ किंवा चिरलेल्या मेथीची मूठभर रास पुरेशी असते. त्यासोबत तांब्याचा तांब्या, झेंडूची माळ आणि पितळी समई मांडली, की पाहणाऱ्याचे लक्ष विळीवर राहत नाही. खरे चिरताना घेतलेले चित्र हवे असेल, तर जी व्यक्ती रोज विळीवर बसते तिलाच बसवावे. पाटावर पाय कसा रोवला जातो, अंगठा पात्यापासून किती दूर राहतो, हे सरावाच्या हातांत आपोआप बरोबर येते, आणि नवख्याला चित्रासाठी विळीवर बसवणे धोक्याचेही आहे.

लोहाराच्या पालावर चित्रे घ्यायची असतील, तर आधी परवानगी घ्यावी, त्याचे काम थांबवू नये आणि चित्रे छापून नेऊन द्यावीत. तापलेल्या लोखंडाचा रंग जसा दिसतो तसा येण्यासाठी व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) आपोआपवर न ठेवता दिवसाच्या उजेडावर बांधावा, नाहीतर कॅमेरा तो लालबुंद रंग फिका करून टाकतो. ठिणग्यांच्या रेषा हव्या असतील तर शटर एका सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास ठेवावे, आणि घण हवेत थांबलेला हवा असेल तर पाचशेव्या भागाच्या आसपास.

सफाई आणि साठवण

पोलादावरचा काळपट-निळसर थर आणि लाल गंज यांत फरक करावा. कांदा, कैरी, कोकम यांच्या आंबटपणाने वर्षानुवर्षे बसलेला काळा थर पात्याचे रक्षण करतो. तो काढू नये. लाल गंज पात्याला पोखरत जातो. तो थांबवावाच लागतो. गंजावर शिलाई मशीनचे तेल लावून दोन-तीन दिवस ठेवावे, मग अगदी बारीक पॉलिश पेपर किंवा बारीक स्टील वूल फक्त त्या डागापुरते, हलक्या हाताने फिरवावे. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांनी गंज झटकन निघतो, पण काळा थरही त्याच्याबरोबर जातो आणि पाते उघडे पडते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने उजळण्याच्या सवयीमुळे अनेक चांगल्या अडकित्त्यांचीही अशीच वाट लागली आहे.

पाट पाण्यात बुडवून ठेवू नये. ओल्या फडक्याने पुसावा, लगेच कोरडा करावा आणि सावलीत उभा वाळवावा. वापरातल्या पाटाला औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन चोळावे. ते खवट होत नाही, गोडेतेल मात्र काही महिन्यांत होते. जवसाचे तेल लाकडात शिरून सुकते आणि टणक थर देते, पण रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या तेलात सुकवणारी धातुयुक्त रसायने असतात, ती खाण्याच्या पाटावर नकोत. त्यासाठी शुद्ध तेल घ्यावे आणि सुकायला बरेच दिवस द्यावेत. तेलाने भिजलेले बोळे चुरगळून डब्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण करते आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बोळे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावेत.

पावसाळा हा या संग्रहाचा खरा शत्रू आहे, विशेषतः मुंबईत आणि कोकणात. जूनच्या आधी प्रत्येक पाते काढून, कोरडे करून, तेलाचा पातळ हात देऊन बटर पेपरमध्ये गुंडाळावे. वर्तमानपत्र ओलावा धरते, आणि चामड्याच्या म्यानात कमावताना वापरलेली रसायने उरलेली असतात, म्हणून म्यान दाखवण्यापुरते असावे, साठवणीसाठी नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापराव्यात. विळी नेहमी आडवी करून, धार भिंतीकडे ठेवून ठेवावी. घडीची असल्यास घडी घालून दोऱ्याने बांधावी. खवणीच्या दात्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, की हात लागला तरी इजा होत नाही.

परदेशी नेताना

स्वयंपाकाची हत्यारे बाळगण्याला शस्त्र कायदा, १९५९ आड येत नाही. केवळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत, आणि नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची जी मर्यादा आहे तीही घरगुती वापराच्या पात्यांना लागू नाही. तरीही खरेदी करून रात्रीच्या एसटीने येताना जड कोयता उघडा हातात असू नये. तो गुंडाळून, बांधून सामानाच्या तळाशी असावा आणि पावती किंवा कारागिराची चिठ्ठी सोबत असावी. विमानात पाते हातातल्या सामानात चालत नाही. ते चेक-इन सामानात जाड पुठ्ठ्यात घालून, धारेवर दुहेरी चिकटपट्टी मारून न्यावे, म्हणजे सामान तपासणाऱ्याचा हात कापणार नाही.

शंभर वर्षे किंवा त्याहून जुन्या वस्तूंबाबत मात्र पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आजीची विळी अमेरिकेतल्या नातीकडे पाठवायची असेल, तर ती किती जुनी आहे याचा आधी प्रामाणिकपणे विचार करावा. शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून ती वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि अर्जासोबत वर सांगितलेली पट्टीसह काढलेली सर्व बाजूंची चित्रे जोडावीत. शंभराच्या आतली असेल आणि पाट वेगळा करता येत असेल, तर पाचर काढून पाते आणि पाट स्वतंत्र बांधावेत. पाचर लहान पाकिटात घालून त्यावर तिची दिशा दाखवणारा बाण काढावा, आणि सांध्याचे चित्र त्याच पाकिटात ठेवावे, म्हणजे पलीकडे पोचल्यावर विळी जशी होती तशी पुन्हा बसवता येते.